रुग्णाच्या उशाशी कोणी बसावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत बडोदे येथे झालेले भाषण)



महोत्सवी सभेतल्या वक्त्याने संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि पाने मांडली जाण्याच्या आत खाली बसावे, असा रिवाज आहे. पहिली दोन कामे आमच्याआधीच्या वक्त्यांनी आमच्यापेक्षा सरस केली आहेत. तिसऱ्याची आम्ही काळजी घेऊ. आमचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. तो शिष्यवृत्ती समितीकडे आलेल्या एका अर्जातून निघाला आहे, आणि त्या अर्जाचा निकाल सर्वसाधारण सभेत आपणा सर्वांच्या मताने व्हायचा आहे. म्हणून भाषणाच्या निमित्ताने आम्ही समितीच्या वतीने आपल्यापुढे चौकशीचा अहवालच ठेवीत आहोत, असे समजावे.

आपल्याच एका सभासद कुटुंबातील मुलीने परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती मागितली आहे. असे अर्ज दरवर्षी येतात. संगणकाचे येतात, औषधशास्त्राचे येतात, व्यवस्थापनाचे तर ढिगाने येतात. या मुलीला चॅप्लेन व्हायचे आहे. समितीत अर्ज वाचला गेला तेव्हा प्रथम कोणी काही बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “म्हणजे भिक्षुकीच ना? ती शिकायला अमेरिकेत कशाला? आपल्या वाड्यात शंभर वर्षे शिकवली जात होती.” सगळे हसले, आम्हीही हसलो. परंतु हसून झाल्यावर असे ध्यानात आले की चॅप्लेन म्हणजे नेमके कोण, त्याला काय शिकावे लागते आणि त्याची पारख कोण करतो, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हते. तेव्हा ही चौकशी आमच्याकडे सोपविण्यात आली.

प्रथम शब्दाविषयी. चौथ्या शतकातील संत मार्टिन यांनी थंडीने कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी युरोपात कथा आहे. पुढे फ्रँक राजांनी त्या झग्याचा अवशेष जपून ठेवला. झग्याला लॅटिनमध्ये ‘कापा’ म्हणत. तो जिथे ठेवला ती जागा चॅपेल झाली आणि तो सांभाळणारे धर्मोपदेशक ते चॅप्लेन. गावच्या देवळाचा पुजारी आणि चॅप्लेन यांतला फरक असा की चॅप्लेन देवळाचा नसतो. तो पलटणीचा असतो, तुरुंगाचा असतो, विद्यापीठाचा असतो, इस्पितळाचा असतो. तिथे जो कोणी येईल, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच नसो, तो त्याचा. मराठीत याला नेमका शब्द नाही. आमच्या एका संस्कृतज्ञ मित्रांनी ‘सांत्वनाचार्य’ असा शब्द सुचविला. तो ऐकून रुग्णाचा ताप वाढेल अशी भीती वाटल्याने आम्ही चॅप्लेन हाच शब्द ठेवतो.

आता शिक्षण. अमेरिकेत इस्पितळातील चॅप्लेनला सरकार परवाना देत नाही. डॉक्टर आणि नर्स यांच्यापेक्षा येथे हा फरक आहे. परवान्याच्या जागी त्या व्यवसायातल्या लोकांच्याच संस्था प्रमाणपत्र देतात. १९९८ साली दोन जुन्या संघटना एकत्र येऊन झालेली असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅप्लेन्स ही त्यांतील प्रमुख. कॅथलिकांची आणि यहुद्यांची स्वतंत्र आहे. या प्रमाणपत्राची वाट लांबची आहे. आधी कोणत्याही विषयातली चार वर्षांची पदवी. तिच्यावर धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी. तिला तिकडे ‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’ म्हणतात; ती साधारणपणे बहात्तर क्रेडिटची, म्हणजे पूर्णवेळ तीन वर्षांची असते. एरवीच्या एम. ए.च्या जवळजवळ दुप्पट म्हणा. त्यात धर्मग्रंथ येतात, इतिहास येतो, नीतिशास्त्र येते, दुसऱ्या धर्मांचा अभ्यास येतो आणि मानसशास्त्रही येते. येथपर्यंत आपल्या काशीच्या किंवा वाईच्या पाठशाळेतून आलेल्या शास्त्रीबुवांनाही फारसे बुजण्याचे कारण नाही. खरी परीक्षा याच्या पुढे आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही आपला वेळ घेत आहोत.

तिला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात. इस्पितळात राहून करावयाची ती उमेदवारी होय. तिचा एक भाग, ज्याला ते एक युनिट म्हणतात, किमान चारशे तासांचा असतो. त्यांतले शंभर तरी तास वर्गाचे व मार्गदर्शकाबरोबरच्या चर्चेचे. बाकीचे वॉर्डात, खाटांपाशी. अशी चार युनिटे पुरी करावी लागतात, म्हणजे सोळाशे तास. पुष्कळ विद्यार्थी ती एका वर्षाच्या ‘रेसिडेन्सी’त करतात, आणि त्या वर्षात त्यांना रात्रपाळीही लागते. मध्यरात्री अपघाताची गाडी आली की डॉक्टरांप्रमाणेच त्यांचाही फोन वाजतो.

या उमेदवारीत एक चमत्कारिक प्रकार आहे. विद्यार्थी रुग्णाशी बोलून आला की त्याने ते सगळे संभाषण आठवून, नाटकातल्या संवादांसारखे, शब्दशः लिहून काढायचे. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प होते, मला त्या वेळी पोटात काय वाटले, हे सगळे. मग तो कागद घेऊन पाचसहा सहाध्यायी आणि मार्गदर्शक यांच्यापुढे बसायचे, आणि त्यांनी त्याची चिरफाड करायची.

एक उदाहरण आम्ही कल्पनेने रचतो, म्हणजे ही गोष्ट ध्यानात येईल. समजा, सत्तरीतल्या बाई खाटेवर आहेत. त्या म्हणतात, “मला आता घरी जायचंय.” विद्यार्थी म्हणतो, “जाल हो, आठ दिवसांत ठणठणीत व्हाल.” बाई म्हणतात, “हो का? बरं.” आणि भिंतीकडे तोंड करतात. विद्यार्थी एक स्तोत्र म्हणतो, नमस्कार करून बाहेर येतो आणि वहीत लिहितो की बाईंना बरे वाटले. येथे मार्गदर्शक विचारील: घरी जायचे आहे, म्हणजे कोणत्या घरी? तुम्ही विचारलेत का? आठ दिवस हे तुम्हांला कोणत्या डॉक्टरने सांगितले? स्तोत्र बाईंनी मागितले होते, की गप्प बसणे तुम्हांला जड गेले म्हणून तुम्ही म्हटलेत? आणि त्यांनी तोंड फिरविले तेव्हा तुम्हांला स्वतःच्या घरातले कोण आठवले?

बंधुभगिनींनो, हे प्रश्न वाचताना समितीतले आम्ही सगळे काहीसे अस्वस्थ झालो. कारण आजाऱ्याच्या समाचाराला आपण सगळेच जातो. जातो, संत्री ठेवतो, “काही होत नाही” असे सांगतो, आपल्या मामेभावाला हेच दुखणे कसे झाले होते ते ऐकवतो, आणि पाऊण तासाने पायात चपला घालतो. त्यात प्रेम असते, याबद्दल शंका नाही. परंतु त्या पाऊण तासात रुग्ण किती बोलला आणि आपण किती बोललो, याचा हिशेब कोणी मांडला तर तो आपल्या ट्रस्टच्या लेखापरीक्षकांना दाखविण्यासारखा निघणार नाही.

ही पद्धत सुरू झाली ती कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अँटन बॉइसन नावाचे एक अमेरिकन पाद्री १९२० साली मनाच्या तीव्र विकाराने आजारी पडले आणि वर्षाहून अधिक काळ त्यांना मनोरुग्णालयात काढावा लागला. बाहेर आल्यावर बहुतेक माणसे असा काळ विसरू पाहतात. बॉइसन यांनी उलट केले. रुग्णाच्या आत जी उलथापालथ चालते तिच्यात धर्माचा, पापाचा, मृत्यूचा प्रश्न असतो, आणि तो पुस्तकांपेक्षा त्या रुग्णाकडूनच समजून घेतला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णांना ते जिवंत मानवी दस्तऐवज म्हणत. १९२४ साली मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात ते चॅप्लेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी त्यांनी तेथे बोलावले. त्या मुलांना वॉर्डात परिचारकाचे काम करावे लागे, आणि संध्याकाळी शिकणे. रिचर्ड कॅबट नावाच्या बॉस्टनच्या नामांकित डॉक्टरांनी त्यांना आधार दिला; डॉक्टर जसा रुग्णाच्या केसवरून शिकतो तसे धर्मोपदेशकाने का शिकू नये, हा त्यांचा सवाल होता. बॉइसन यांना पुढेही त्या आजाराचे झटके आले. तरीही त्यांनी सुरू केलेले काम वाढतच गेले, आणि १९६७ साली वेगवेगळ्या गटांची मिळून या शिक्षणाची एक राष्ट्रीय संस्था अमेरिकेत उभी राहिली. त्या चार मुलांत एक मुलगी होती, हेही येथे नमूद करतो. आपल्या अर्जदार मुलीला त्याचा उपयोग होईल.

उमेदवारी झाली म्हणजे प्रमाणपत्र मिळाले, असे नाही. त्यानंतर दोन हजार तासांचे प्रत्यक्ष काम, सुमारे वर्षभराची नोकरी म्हणा. मग लेखी निबंध, स्वतःच्या कामाचे नमुने, आणि समितीपुढे तोंडी परीक्षा. उत्तीर्ण झाल्यावरही सुटका नाही. दरवर्षी पन्नास तास पुढचे शिक्षण आणि दर पाच वर्षांनी समव्यवसायी मंडळींकडून तपासणी. आचारसंहिता कडक आहे. तिच्यातले सगळ्यांत महत्त्वाचे कलम असे की रुग्णावर आपला धर्म लादायचा नाही. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला उपदेश करणे हा अपराध मानतात. आणि एक गंमत पाहा. सुई टोचायला आलेल्या नर्सला रुग्ण नको म्हणू शकत नाही, म्हटले तरी दहा जणे समजूत घालायला येतात. चॅप्लेन दारात आला तर मात्र “आज नको” असे खुशाल म्हणता येते, आणि तो राग न धरता परत जातो. दिवसभरात रुग्णाच्या हातात राहिलेला तेवढाच एक अधिकार असतो.

आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सहा महिन्यांसाठी नातवंडे सांभाळायला गेलेले आपले लोक तिकडच्या इस्पितळात दाखल होतात, दारात चॅप्लेन उभा राहतो, आणि हा पाद्री आपल्याला बाटवायला आला असे समजून ते डोळे मिटून घेतात. तसे समजण्याचे कारण नाही. दाखल होताना धर्म विचारतात तेव्हा तो सांगावा, शाकाहाराचे सांगावे, आणि गंगाजल, तुळशीचे पान, गीतेचे पुस्तक, जवळच्या देवळातले गुरुजी यांपैकी काही हवे असेल तर चॅप्लेनलाच सांगावे. अशा गोष्टींची व्यवस्था लावून देणे हे त्याचे कामच आहे. अंत्यकाळी घरची माणसे खोलीत किती असावीत, देहाला कोणी हात लावावा, याबद्दल इस्पितळाशी तुमच्या बाजूने बोलणाराही तोच.

आता अडचणीचा भाग. या प्रमाणपत्रासाठी आणखी एक कागद लागतो आणि तो विद्यापीठ देत नाही. अर्जदार ज्या धर्मसमाजाचा आहे त्याने लिहून द्यायचे की हा आमचा माणूस आहे, याचे आचरण चांगले आहे आणि आमच्या नावाने हे काम करायला आमची संमती आहे. त्याला तिकडे ‘एन्डॉर्समेन्ट’ म्हणतात. ख्रिस्ती माणसाला त्याचे चर्च देते. आपल्या मुलीला कोण देणार? आपल्याकडे बिशप नाही. शंकराचार्यांनी अशी पत्रे देण्याची व्यवस्था नाही, आणि आपल्या समाजातली निम्मी घरे वारकरी, काही दत्तसंप्रदायी, काही कशातच नाहीत. हिंदू धर्माला एक दार नाही याचा आपण अभिमान बाळगतो. अशा वेळी मात्र शिक्का मारायला कोणाचेच दार सापडत नाही.

तरी वाट निघालेली आहे. अमेरिकेच्या सैन्यात १९११ किंवा १९४१ साली हिंदू चॅप्लेन नव्हता यात नवल नाही. परंतु तो पहिल्यांदा झाला २०११ साली, हे ऐकून आम्हांला नवल वाटले. त्या होत्या कॅप्टन प्रतिमा धर्म, आपल्या मुंबईत वाढलेल्या. आधी त्या एका ख्रिस्ती पंथाच्या शिफारसपत्रावर सैन्यात चॅप्लेन होत्या. पुढे चिन्मय मिशनच्या अमेरिकन शाखेने हिंदूंच्या वतीने शिफारस देण्याची जबाबदारी पत्करली आणि त्या हिंदू चॅप्लेन झाल्या. तत्पूर्वी २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने हिंदू विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ चॅप्लेन नेमला होता, आणि मग इतर विद्यापीठांनीही तसे केले. अर्जदार मुलीने तिकडच्या एका देवळाच्या विश्वस्तांशी पत्रव्यवहार चालविला आहे. त्या पत्राबरोबर आपल्या ट्रस्टचेही, तिला लहानपणापासून ओळखणाऱ्यांचे, एक पत्र जावे असे आम्हांला वाटते. अंतिम शिफारस देण्याचा आपला अधिकार नाही. परंतु वर्तनाची साक्ष आपल्याइतकी कोण देणार?

हे सगळे अमेरिकेचेच खूळ आहे, असे समजू नये. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत चॅप्लेनना इस्पितळच पगार देते, आणि तेथील चॅप्लेनांच्या नोंदवहीला २०१७ साली व्यवसायांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता मिळाली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेनांचा विभाग आहे आणि तेथे या कामाचे शिक्षणही मिळते. आणि आपले भारतीय लष्कर! तेथे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू यांची रीतसर भरती होते. पद नायब सुभेदाराचे. कोणत्याही शाखेची पदवी हवी, शिवाय पंडिताला संस्कृतातील आचार्य, किंवा शास्त्री आणि वर एक वर्षाची कर्मकांडाची पदविका. पाद्र्याला त्याच्या धर्मपीठाची दीक्षा. ग्रंथींना पंजाबीतील ज्ञानी. भरतीच्या जाहिरातीत कामे दिलेली असतात त्यांत पूजाअर्चेबरोबर इस्पितळातील जवानांची विचारपूस आणि शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट हीही असतात. पुण्यास लष्कराची राष्ट्रीय एकात्मता संस्था आहे, तेथे या सर्व धर्मांच्या शिक्षकांना एकत्र शिकवितात. पंडितजींनी मौलवींच्या शेजारी बसून शिकणे, ही गोष्ट आमच्या दृष्टीने कोणत्याही पदविकेइतकी मोलाची आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. धर्माचे काम करणाऱ्याने परीक्षा द्यावी, ही कल्पना बडोद्याला परकी नाही. ती येथे शंभर वर्षांपूर्वी कायद्याने आली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१५ साली हिंदू पुरोहित कायदा केला. परीक्षा उतरून दाखला घेतल्याशिवाय पौरोहित्य करू नये, असे त्याने ठरविले. मंत्र म्हणणाऱ्याला मंत्राचा अर्थ कळावा आणि त्याला तो यजमानाला सांगता यावा, हा त्यामागचा हेतू. बापाची गादी मुलाकडे आपोआप जाते, तेथे प्रश्नपत्रिका आडवी आली, तेव्हा केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना आजही करता येते. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे १९३६ साली, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात, पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये. कोणाही हिंदूला ते खुले असावे. आणि सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन सनद घेतल्याशिवाय कोणालाही ते करता येऊ नये, असे मांडले.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या शिक्षणालाही महाराजांचा हात लागला होता. ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. तेथे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक तयार होत असत. दोन वर्षे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून ते १९०३ साली परतले आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले; १९०६ साली त्यांनी निराश्रितांसाठी मंडळी काढली आणि उरलेले आयुष्य त्या कामात घातले. तेव्हा मराठी माणसाने धर्माचे शिक्षण घ्यायला समुद्रापार जाणे, आणि परत येऊन ते शिक्षण देवळाबाहेर वापरणे, हे आज प्रथम घडत नाही. त्या काळीही कोणी तरी सभेत उठून विचारले असेल की हे शिकायला विलायतेत कशाला.

मात्र १९१५ च्या परीक्षेत आणि ज्या परीक्षेची हकीगत आम्ही आज सांगितली तिच्यात एक अंतर आहे. जुन्या परीक्षेत तोंडाची परीक्षा होती: उच्चार शुद्ध आहे का, अर्थ सांगता येतो का. नव्या परीक्षेत मुख्यतः कानाची परीक्षा आहे. आणि आपल्या समाजात आज जी उणीव आहे ती कानाची आहे. मंत्र म्हणणारे गुरुजी अजून मिळतात, थोडे महाग झाले असतील. पूर्वी घरात दहा माणसे असत. कोणी ना कोणी आत्या, काकू, बाळंतपणे आणि मरणे पाहिलेली, उशाशी बसलेली असे. तिने सोळाशे तास केव्हाच भरलेले असत. आता अलकापुरीत किंवा मांजलपुरात दोन म्हातारी माणसे तीन खोल्यांत राहतात, मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सिडनीत. एक जण अतिदक्षता विभागात गेला की दुसरा बाहेरच्या बाकावर फोन हातात धरून बसतो. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत औषधांसाठी मदत दिली, रक्ताची सोय केली, आणि शववाहिनीही घेतली. औषध आणि शववाहिनी यांच्या मधल्या दिवसांत मात्र आपल्याकडे पाठवायला कोणी नाही.

समितीतील आक्षेपही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. सांत्वन काय शिकवून येते, असे एका सभासदांनी विचारले. आमचे उत्तर असे की कळवळा शिकवून येत नाही, परंतु कळवळ्याच्या भरात केलेली बडबड थांबवायला शिकविता येते. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. पदवीनंतर तीन वर्षे पाठ्यक्रम, एक वर्ष उमेदवारी आणि सुमारे वर्षभर काम, असा हा पाच वर्षांचा रस्ता. रेसिडेन्सीच्या वर्षी पुष्कळ ठिकाणी विद्यावेतन मिळते. सुटे युनिट करणाऱ्याला मात्र उलट फी भरावी लागते. शेवटी जो पगार मिळतो तो संगणकवाल्यांच्या पगाराशी तोलू नये. कर्जाची फेड सावकाश होईल, हे विश्वस्तांनी आजच धरून चालावे. तिसरा आक्षेप असा की ती परत आली तर तिला येथे नोकरी कोण देईल? आपल्याकडच्या बहुतेक इस्पितळांत असे पद नाही. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचे उत्तर अर्जदार मुलीने द्यायचे नसून आपण द्यायचे आहे.

म्हणून समितीची शिफारस दोन भागांत आहे. पहिला, हा अर्ज मंजूर करावा. रक्कम दरवर्षी, मागील वर्षाचा निकाल पाहून द्यावी आणि फेड नोकरी लागल्यापासून सुरू व्हावी. परत येण्याची अट घालू नये. जुलमाने परत आलेला माणूस खाटेजवळ बसून काय ऐकणार? दुसरा भाग आपणा सर्वांसाठी आहे. तिच्या परत येण्याची पाच वर्षे वाट पाहण्याची गरज नाही. केरळात कोझिकोडला १९९३ सालापासून वेदनाशमनाचे काम उभे राहिले. तेथे डॉक्टर थोडे आणि स्वयंसेवक फार. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी असे साधे लोक ठराविक शिक्षण घेऊन, परिचारिकेबरोबर घरोघर जाऊन दीर्घ आजाऱ्यांपाशी बसतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, त्याची शाखा गोव्यातही आहे. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्ण तेथे विनामूल्य सांभाळले जातात. अशा ठिकाणी आपले चार स्वयंसेवक पाठवून काम पाहून यावे, त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च ट्रस्टने करावा, आणि परत आल्यावर त्यांनी आठवड्यातून दोन दुपारी, इस्पितळाची परवानगी घेऊन, आपल्याच नव्हे तर कोणाच्याही रुग्णापाशी बसावे. त्यांनी वही ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती वही सर्वांनी मिळून वाचावी. रुग्णाचे नाव अर्थातच त्यात नसावे.

कोणी म्हणेल, चार माणसे मिळणार कोठून? काल रात्रीपर्यंत आमच्याकडे दोन नावे आली आहेत. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. दुसरे नाव ज्यांचे आहे ते, समितीत भिक्षुकीचा विनोद केलेले तेच सभासद. त्यांनी सांगितले आहे की बोलायचे नसेल तर आपल्याला येईल. उरलेल्या दोन नावांसाठी कागद व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाईल. अर्जाच्या प्रती, मुलीचे नाव झाकून, चिटणिसांकडे पाहावयास मिळतील. ज्यांना विरोधात बोलायचे आहे त्यांनीही चिटणिसांकडे नाव नोंदवावे. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील.

पाने मांडल्याचा आवाज येतो आहे, तेव्हा आम्ही आपली रजा घेतो.